आबांचं नाव फलकावर द्या

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की गावातून लढाईवर गेलेल्यांचा फलक लागतोय, पण आबांचं नाव तुम्ही दिलं नाही. "ते कुठे सैनिक होते? बोटीवर कोळसा मारायचे, पगारासाठी गेले होते," असं म्हणालात. फोनवर हे बोलणं होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. नाव द्या, बाबा.

आई, तुला आठवत असेल, या घरात आल्यावर आबांची पहिली बोलणी तुला बसली ती न्हाणीघरातल्या धुरावरून. पाणी तापवायच्या भाणाखाली माडाची चुडतं आणि नारळाची सोडणं कोंबून पेटवली की मागचं दार धुराने भरायचं आणि आबा ओसरीवरून ओरडत यायचे. मग स्वतः उकिडवे बसून अर्धी सोडणं बाहेर ओढायचे, उरलेली पातळ पसरायचे, मधे काळं राहिलं असेल तर काठीने सारखं करायचे आणि धूर विरेपर्यंत उठायचे नाहीत. आम्ही मुलं त्याला तिरसटपणा समजायचो.

दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांबद्दल वाचायला लागले तेव्हा तो धूर मला कळला. काफिल्याने जाणाऱ्या जहाजांना सक्त ताकीद असे: रात्री उजेड नको, दिवसा धूर नको. धुराची रेघ लांबून दिसते आणि पाणबुडीला माग मिळतो. भट्टीत कोळसा एकदम लोटला की काळा धूर निघतो. थोडा थोडा, पातळ आणि सारखा पसरला की कमी होतो. म्हणजे अख्ख्या जहाजाचा जीव तळाशी फावडं मारणाऱ्या आगवाल्याच्या हाताला बांधलेला. आणि आपले आबा आगवाला होते.

त्यांची पाळी चार तासांची, मग आठ तास सुटी, पुन्हा चार तास. टॉर्पेडो बसायचा तो बहुतेक वेळा पाण्याखाली, इंजिन-बॉयलरच्या अंगाला. वर डेकवर असलेल्याला निदान उडी तरी मारता येई. खालच्याला आधी लोखंडी शिडी गाठायची, तीही अंधारात, वाफेत. आबा एकदाच मला म्हणाले होते, "खाली बॉयलरपुढे उभो ऱ्हवल्यार वर दिस आसा काय रात, कायएक कळना नाय." तेवढंच बोलले आणि सुपारी कातरायला लागले.

बाबा, पगारासाठी गेले हे खरंच आहे. पलटणीत गेलेलेही पगारासाठीच गेले होते, त्यांना आपण कमी मानत नाही. आणि तो पगार तरी केवढा? त्याच कामाच्या गोऱ्या खलाशाला मिळे त्याच्या जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच विलायतेतल्या बंदरांत आपल्या खलाशांनी पगारवाढीसाठी काम थांबवलं, काहींना तुरुंगात टाकलं, तेव्हा कुठे थोडी वाढ मिळाली. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर दर चार खलाशांत साधारण एक हिंदी होता; आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले तर घरटी निघतील. त्या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले. त्यांची नावं मुंबईत आणि चितगावात ठेवलेल्या दोन सारख्या वह्यांत आहेत. आबांसारखे जे जिवंत परतले, त्यांचं नाव अशा कुठल्या वहीत नाही. म्हणून मला गावचा फलक मोठा वाटतो.

दुसरं नावही द्यायचं आहे. वरच्या वाडीतल्या त्या घराला दर गणपतीत आबा तांदळाचं पोतं पाठवायचे. बाबा, लहानपणी तुम्हीच ते डोक्यावरून नेलंय, आणि का न्यायचं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मला आजीने सांगितलं. त्या घरचा मुलगा आबांच्या बरोबरच मुंबईला गेला होता, डोंगरीच्या गाववाल्यांच्या खोलीत दोघांची वळकटी शेजारी असायची. त्याला 'तिलावा' मिळाली. ती बोट २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून मोंबासाच्या वाटेने निघाली आणि २३ तारखेला पहाटे जपानी पाणबुडीने बुडवली. ९५० च्या वर माणसं होती, त्यांतली २८० गेली. तो त्यात होता. त्याच्या आईला बातमी सांगायला आबाच गेले होते, आणि पुढे जन्मभर ते पोतं चुकलं नाही. आमच्या फीला पैसे कमी पडले त्या वर्षीही गेलं. मला विचाराल तर घरातला कर्ता पुरुष म्हणून आबांनी जे जे केलं, त्यात हे सगळ्यात मोठं.

१४ एप्रिल १९४४ च्या गोदीतल्या स्फोटाच्या वेळीही ते मुंबईतच होते. व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याची बोट 'फोर्ट स्टिकीन' फुटली आणि जळत्या कापसाच्या गासड्या उडून मांडवीपर्यंत पडल्या, हे तुम्ही त्यांच्या तोंडून माझ्यापेक्षा जास्त ऐकलंय, म्हणून इथे लिहीत नाही.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आबांची खलाशाची नोंदवही आहे. बोटींची नावं आणि तारखा त्यात सापडतील. पानं ठिसूळ झालीत, तुम्ही ओढू नका. शेजारच्या मुलाकडून पेटी फक्त खाली उतरवून घ्या. सरपंचांना सांगा, दोन नावं वाढवायची आहेत, वरच्या वाडीतलं आधी, मग आबांचं. आबांच्या नावापुढे 'सैनिक' घालायला माझा आग्रह नाही. 'आगवाला, व्यापारी जहाज' एवढं लिहिलं तरी पुरे. फलकाचा जास्तीचा खर्च मी पाठवते.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. बाबांना माळ्यावर चढू देऊ नकोस.

तुमची,
ताई