मदत द्या, पण साहेबाच्या केबिनबाहेर उभं करू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अचानक संकट आलेल्या कामगाराला कंपनीने हात द्यावा याबद्दल कोणाचं दुमत असेल असं वाटत नाही. पण तो कसा द्यावा यावर कोणी फारसं बोलत नाही, म्हणून हे पत्र. मी पगाराच्या हिशोबाचं काम करते, त्यामुळे कोणाला ॲडव्हान्स लागला, कोणाचा किती कापला जातोय हे सगळं माझ्या टेबलावरून जातं, आणि त्यातून माझं एक पक्कं मत झालंय. बऱ्याच ठिकाणी द्यायची तयारी असते, पैसेही असतात, पण मागायची पद्धत अशी असते की ज्याला खरी गरज आहे तोच मागत नाही.

नेहमी काय होतं बघा. कोणाच्या तरी वडिलांना रात्री ॲडमिट करतात, हॉस्पिटलचं काउंटर म्हणतं आधी डिपॉझिट भरा, हा माणूस सुपरवायझरला फोन करतो, सुपरवायझर म्हणतो मॅनेजरशी बोलून सांगतो, मॅनेजर सकाळी मीटिंगमध्ये, आणि दुपारी एचआर म्हणतं की अर्ज द्या, सोबत बिल जोडा. अहो बिल मिळतं डिस्चार्जच्या वेळी आणि पैसे लागतात ॲडमिशनच्या वेळी, एवढी साधी गोष्ट फॉर्म बनवताना कोणाच्या लक्षात आलेली नसते. शेवटी कोणीतरी ग्रुपवर मेसेज टाकतं, वर्गणी सुरू होते आणि यादी वाढत जाते, अमक्याने इतके, तमक्याने तितके. लोक मनापासून देतात, त्यांना नावं ठेवायची नाहीयेत. पण ती यादी सगळ्यांसमोर असते आणि त्या माणसाला पुढे कित्येक वर्षं त्याच लोकांबरोबर काम करायचं असतं. शिवाय जो सगळ्यांचा लाडका त्याच्यासाठी संध्याकाळपर्यंत रक्कम उभी राहते, आणि जो अबोल आहे, नवीन आहे किंवा कंत्राटावर आहे त्याच्यासाठी मेसेजसुद्धा पडत नाही.

दुसरा रस्ता ॲडव्हान्सचा. ती मदत नसते, उसनवारी असते. या महिन्यात घेतले की पुढच्या महिन्यात कापले जातात, मग तो महिना तुटपुंजा होतो, मग परत ॲडव्हान्स. एका पेस्लिपवर मी ही कपात महिन्यामागून महिना बघितलीय, पहिला ॲडव्हान्स फिटायच्या आत दुसरा. कारण काय तर शॉर्टसर्किटने घरातलं सामान जळालं होतं. ज्याचं घर जळालं त्याच्या पगारातून आपण महिनोन्महिने कापत राहायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. अशा वेळी परतफेड नसलेली रक्कमच द्यायला हवी, ती थोडी कमी असली तरी चालेल.

अमेरिकेतल्या काही मोठ्या कंपन्यांनी हे फार आधी ओळखलं आणि संकटातल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळा फंड काढला. स्टारबक्सचा कप फंड 1998 पासून आहे आणि घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या होम डेपोचा होमर फंड 1999 पासून, आणि त्यात कर्मचारी स्वतःही पैसे घालतात. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तिथल्या करखात्याचा नियम. कंपनीच्या पुढाकाराने चालणाऱ्या अशा धर्मादाय फंडाला करसवलत हवी असेल तर कोणाला मदत द्यायची हे ठरवणारी कमिटी स्वतंत्र पाहिजे, म्हणजे कमिटीतले निम्म्याहून जास्त लोक असे पाहिजेत की ज्यांचा कंपनीच्या कारभारावर मोठा प्रभाव नाही. मदत गरज तपासून द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. शिवाय फंड मोजक्या ठराविक माणसांसाठी नको, पुढे ज्याच्यावर वेळ येईल अशा सगळ्यांसाठी तो खुला पाहिजे. करचोरी होऊ नये म्हणून केलेला नियम असेल, पण कामगाराच्या बाजूने बघितलं तर तो लाखमोलाचा आहे, कारण ज्याच्या हातात माझं प्रमोशन आहे त्याच्यासमोर मला घरचं गाऱ्हाणं मांडावं लागत नाही.

त्याच देशात 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर कायद्यात बदल झाला आणि मोठ्या घोषित आपत्तीत कंपनीने कर्मचाऱ्याला थेट दिलेली मदत करमुक्त झाली. चांगलंच झालं. पण एखाद्याचं एकट्याचं आजारपण किंवा घरातला मृत्यू त्या कलमात बसत नाही. मला वाटतं आपल्या सगळ्यांचीच नजर अशी झालीय, पूर आला, साथ आली की सगळे धावतात आणि धावायलाच पाहिजे, पण एका घरापुरतं आलेलं संकट बातमीत येत नाही. त्या घराला मात्र ते पुराएवढंच असतं.

हातात शिल्लक नसणं हे काही मूठभर लोकांचं दुखणं नाही. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह दरवर्षी लोकांना विचारते की अचानक 400 डॉलरचा खर्च आला तर तो रोखीने किंवा पुढच्या बिलात पूर्ण फेडता येईल अशा क्रेडिट कार्डाने भागवाल का. 2013 मध्ये निम्मेच लोक हो म्हणाले होते, 2023 मध्ये 63 टक्के. एवढ्या श्रीमंत देशात ही गत. आणि पैशाची ओढाताण फक्त खिशात होत नाही. 2013 मध्ये सायन्स या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास आला होता, तेच शेतकरी पीक हातात यायच्या आधी बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडले आणि पैसे आल्यावर त्याच चाचण्या जास्त चांगल्या सोडवल्या. आता विचार करा, अशा मनःस्थितीतल्या माणसाच्या हातात आपण पाच पानी फॉर्म देतो आणि एक कागद राहिला की अर्ज परत पाठवतो! फॉर्म एका पानाचा पाहिजे, फोनवरून भरता आला पाहिजे, निर्णय दोन दिवसांत आणि राहिलेले कागद नंतर. खोटं बोलून पैसे घेणारा एखादा निघेलही, पण त्याच्या भीतीने बाकी सगळ्यांना ताटकळत ठेवायचं का?

एक गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण ती कुठल्याच पॉलिसीत दिसत नाही. घरात मारहाण सहन करणारी बाई. तिला घर सोडायचं असतं, दुसऱ्या जागेचं डिपॉझिट भरायचं असतं, आणि हे ती कोणाला सांगणार, बॉस नवऱ्याच्या ओळखीचा असू शकतो. बरं मदत मंजूर झाली आणि आपण सवयीने पगाराच्या खात्यात टाकली तर त्या खात्याचं कार्ड नवऱ्याच्या खिशात असतं आणि मेसेज त्याच्या मोबाईलवर जातो. पेस्लिपवर "आपत्कालीन मदत" अशी ओळ छापून आली तर संपलंच. म्हणून पैसे कुठे जावेत हे अर्ज करणाऱ्यालाच विचारलं पाहिजे, घरमालकाला थेट द्या म्हणाली तर थेट द्या. पगाराचं काम करणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी डोक्यात ठेवावं.

कंत्राटी लोकांना यातून वगळू नये हेही सांगते. साफसफाई करणारे, गेटवरचे, माल चढवणारे हे कागदावर दुसऱ्या कंपनीचे असतात पण घाम आपल्याच आवारात गाळतात, आणि शिल्लक सगळ्यात कमी त्यांच्याकडेच असते.

आता कोणी म्हणेल की याच्या नावाखाली कंपन्या पगारवाढ टाळतील. ही भीती खोटी नाही. फंड पगाराला पर्याय नाही, आणि दर महिन्याला भाड्यासाठीच अर्ज येत असतील तर ते संकट नाही, तो पगार कमी आहे. नावं झाकून असे आकडे वर्षातून एकदा मॅनेजमेंटसमोर आणि युनियनसमोर ठेवले पाहिजेत. कर्मचाऱ्यांकडून पैसे घ्यायचे तर खरोखर ऐच्छिक असावेत, न विचारता पगारातून कापू नयेत, आणि जेवढे त्यांचे तेवढे तरी कंपनीने घालावेत.

ज्या वाचकांच्या कंपनीत असा फंड चालू आहे त्यांनी कृपया या सदरात लिहावं. कंपनीचं नाव नको, रक्कमही नको. निर्णय कोण घेतं, किती दिवसांत घेतं आणि कंत्राटी माणसाला मिळते का, एवढं कळलं तरी आम्हाला आमच्याकडे मसुदा करायला घेता येईल.

आपली,
पगार विभागात काम करणारी एक वाचक