वेळ लिहून ठेवणाऱ्या कंडक्टरताईंना

ताई, सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं त्या गडबडीत राहूनच गेलं. बार्शी-सोलापूर गाडीत ज्यांच्या उजव्या हातातून पैसे गळून पडले, ते माझे वडील, अण्णा.

चढताना त्यांनी तुम्हाला ‘सोलापूरच ना?’ असं नीट विचारलं होतं. तुम्ही तिकिटाला आलात, तेव्हा गावाचं नाव तोंडातून फुटेना. तुम्ही त्यांना हसायला सांगितलं, दोन्ही हात वर करायला लावले. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात वर राहीना. ‘अंगावरून वारं गेलंय, पाणी पाजा, तेल चोळा,’ असा गाडीत गलका झाला. तुम्ही कुणाला बाटली पुढे करू दिली नाहीत. गिळता येत नसेल तर तेच पाणी फुप्फुसात उतरतं, हे आम्हाला मागाहून कळलं. गाडी बाजूला घ्यायला लावून तुम्ही १०८ ला फोन केलात.

आणि ती चिठ्ठी! ‘नीट बोलले ७:१०. बोली अडखळली ७:३५.’ निळ्या पेनानं, कागदाच्या चिटोऱ्यावर. हॉस्पिटलात पहिला प्रश्न हाच आला: शेवटचे नीट कधी होते? मी अजून पुण्याहून निघत होते, अण्णांना बोलता येत नव्हतं. उत्तर त्यांच्या खिशात होतं. तो पक्षाघात होता. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसला नाही, म्हणून रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता आलं. ते सहसा पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि तास मोजतात ते माणूस शेवटचा नीट होता तिथपासून.

डॉक्टरांनी नंतर कागदावर काढून दाखवलं. मानेतून चार धमन्या मेंदूला रक्त नेतात. वजनाला मेंदू शरीराच्या २ टक्के, पण प्राणवायू लागतो जवळजवळ २० टक्के, आणि शिल्लक म्हणून काही नाही. अण्णांची गुठळी डाव्या बाजूच्या मधल्या धमनीत अडकली होती. उजवा हात आणि वाचा, दोन्ही तिच्याच रक्तावर. अशी मोठी धमनी तुंबली की मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. हे ऐकताना तुमची ती घाई डोळ्यांपुढे उभी राहिली.

बीपीच्या गोळ्या त्यांनी ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडल्या होत्या. तंबाखू तर होतीच. आम्हाला दोन्ही माहीत होतं आणि आम्ही गप्प बसलो, हे मला फार लागतं. आता रोज सकाळी गोळी मी फोनवरून विचारते.

अण्णा स्वच्छ बोलतात. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, पण स्वतःच लावतात. त्या दिवशीचं तिकीट काढायचं राहिलं होतं. ते पैसे त्यांनी देवघरात वेगळे काढून ठेवलेत, तुमच्या हातात द्यायला.

तुमची,
अण्णांची थोरली