मथळ्यातले जनुक आणि बरणीतले फॉर्मॅलिन

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

‘कर्करोग पसरवणारे जनुक सापडले’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून छापून येते आणि रुग्णांचे नातेवाईक ते कात्रण घेऊन लॅबमध्ये येतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात असे एकटे जनुक अजून हाती लागलेले नाही. एपीसी, केरास, टीपी५३ वगैरे जनुके टप्प्याटप्प्याने बिघडत जातात, ही मांडणी फिअरन आणि व्होगलस्टाइन यांनी १९९० मध्ये केली. पुढे मूळ गाठ आणि यकृतात गेलेली गाठ यांची जनुके ताडून पाहिली, तर बिघाड बहुतेक तेच निघाले. बदलते ते पेशीचे वागणे. शेजारच्या पेशीला धरून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी होते. एसमॅड४ हे निरोप्या प्रथिन गेले असेल तर टीजीएफ-बीटा या बाहेरच्या संदेश-प्रथिनाचा ‘वाढ थांबव’ हा निरोप आत पोचत नाही. पीआरएल-३ (२००१) आणि एमएसीसी१ (२००९) या ‘पसरवणाऱ्या’ जनुकांचा गाजावाजा झाला, पण रोजचे उपचार आजही त्यांच्यावरून ठरत नाहीत.

हे बदललेले वागणे साध्या एच अँड ई काचेवर, म्हणजे नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाने रंगवलेल्या ऊतीच्या कापावर, दिसते. गाठीच्या पुढच्या कडेला एकट्या किंवा जास्तीत जास्त चारच्या पुंजक्यात सुटलेल्या पेशी, म्हणजे ‘बडिंग’. सर्वांत दाट जागी ०.७८५ चौरस मिलिमीटरमध्ये ते मोजायचे: चारपर्यंत कमी, पाच ते नऊ मध्यम, दहा किंवा अधिक म्हणजे जास्त. दुसऱ्या टप्प्याच्या रुग्णाला केमो द्यावी का, हे ठरवताना हा आकडा उपयोगी पडतो. जादा खर्च काही नाही, तरी अनेक रिपोर्टांत तो रकानाच नसतो. निदान बारा लसिकाग्रंथी तपासल्या का, तेही पाहावे.

रोग पसरलेला असेल तर रासची, म्हणजे केरास आणि एनरास या भावंड जनुकांची, तपासणी पूर्ण हवी. सुमारे ४० टक्के गाठींत केरास बिघडलेले असते आणि तिथे सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब ही ईजीएफआर रोखणारी औषधे सहसा लागू पडत नाहीत. ईजीएफआर हे वाढीचा निरोप घेणारे पेशीवरचे दार बाहेरून बंद केले तरी आतली घंटा वाजतच राहते. स्वस्तातल्या तपासणीत केरासचे फक्त १२ आणि १३ हे कोडॉन (जनुकातली तीन-तीन अक्षरांची ठिकाणे) बघतात. ६१, ११७, १४६ आणि एनरास राहून जातात, आणि ‘नॉर्मल’ म्हणून महागडे औषध सुरू होते. सोबत बीराफ जनुकातला व्ही६००ई हा बिघाड आणि एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने यांची तपासणी मागावी. यांतले एखादे प्रथिन गायब असेल तर पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या औषधाचा मार्ग उघडतो, शिवाय आजार आनुवंशिक तर नाही ना, हा प्रश्न घरातल्या सगळ्यांसाठी उभा राहतो.

पण हे सगळे ज्यावर अवलंबून, तो ऊतीचा तुकडाच बिघडवला जातो. कापलेले आतडे न उघडता छोट्या बरणीत कोंबतात. फॉर्मॅलिन ताशी जेमतेम मिलिमीटरभर आत शिरते. तोवर मधला भाग कुजतो आणि डीएनएचे तुकडे होतात. आतडे लांबीत उघडून, धुऊन, थर्माकोलवर टाचून दहापट फॉर्मॅलिनमध्ये ठेवायला हवे. फॉर्मॅलिन बफर केलेलेच हवे: लिटरमागे १०० मिली फॉर्माल्डिहाइड, ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. नळाच्या पाण्यात कालवलेले जुने फॉर्मॅलिन आंबट होते आणि डीएनए खाते. बायोप्सीला ६ तास पुरतात, पण शनिवारी टाकलेली मंगळवारी संध्याकाळी काढली की ७२ तासांची मर्यादा उलटलेली असते. अशा ऊतीत सायटोसिनच्या जागी थायमिन वाचले जाऊन नसलेला बिघाडही दिसू शकतो. बरणीवर ऊती कधी काढली आणि फॉर्मॅलिनमध्ये कधी टाकली या दोन वेळा लिहिण्याची सवय इंदूरच्या सर्व ऑपरेशन थिएटरांनी लावावी, एवढी आमची मागणी आहे.

अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले ऊतीचे तुकडे, घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडे. मेण ५६ ते ६० अंशांना वितळते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ब्लॉक ठेवू नका. सगळे ब्लॉक एकदम नेऊ नका. ज्यात गाठीच्या पेशी निदान २० टक्के आहेत, त्याचा क्रमांक पॅथॉलॉजिस्टकडून लिहून घ्या आणि मूळ रिपोर्टची प्रत बरोबर ठेवा. गुदाशयाच्या गाठीवर आधी रेडिएशन आणि मग शस्त्रक्रिया झाली असेल, तर शस्त्रक्रियेच्या ब्लॉकमध्ये गाठ फारशी उरलेली नसते. तेव्हा सुरुवातीच्या बायोप्सीचा ब्लॉक न्या.

आपले,
इंदूरमधील काही पॅथॉलॉजिस्ट व लॅब टेक्निशियन