बिअरमधले सॉसेज: ‘दारू उडून जाते’ असं छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही उन्हाळी पार्टीसाठी बिअरमध्ये शिजवलेल्या सॉसेजची रेसिपी छापलीत. रेसिपी छापली याबद्दल काहीच तक्रार नाही, उलट मराठी पेपरात असं काही येतं याचं बरं वाटलं. पण रेसिपीच्या शेवटी एक वाक्य होतं की बिअर उकळली की त्यातली दारू पूर्ण उडून जाते, त्यामुळे लहान मुलांनाही बिनधास्त द्या. हे वाक्य चुकीचं आहे आणि ते तुम्ही दुरुस्त करावं एवढ्यासाठीच हे पत्र लिहितेय, थोडं लांबेल पण प्लीज पूर्ण वाचा.

आधी दारू उडण्याचं बघू. लोकांचा हिशोब असा असतो की अल्कोहोल ७८ डिग्रीला उकळतं आणि पाणी १०० ला, म्हणजे पाणी उकळायच्या आधीच दारू संपली. पण बिअरमध्ये ती पाण्यात पूर्ण मिसळलेली असते ना, मग ती एकटी कशी निघून जाईल, दोन्ही बरोबरच वाफ होत राहतात आणि थोडी थोडी मागे राहतच जाते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा याबद्दल एक तक्ता आहे, पदार्थात मिसळून मंद आचेवर शिजवलं तर १५ मिनिटांनी साधारण ४० टक्के अल्कोहोल शिल्लक, अर्ध्या तासाने ३५ टक्के, एका तासाने २५ टक्के, आणि अडीच तास शिजवलं तरी ५ टक्के राहतं. भांडं पसरट की उभं, झाकण आहे की नाही, यावर आकडा मागेपुढे होतो पण शून्य काही होत नाही. तुमच्या रेसिपीत वेळ दिलेली होती २० मिनिटं, तीही झाकण ठेवून.

आता आपल्याकडे बिअर म्हणजे बहुतेक जण स्ट्राँगच आणतात, ८ टक्क्यांपर्यंतची. ६५० मिलीची एक बाटली ओतली तर त्यात ५० मिलीच्या आसपास निव्वळ अल्कोहोल आलं, त्यातला तिसरा हिस्सा धरला तरी १७-१८ मिली भांड्यात उरलं. हे सगळं एकट्याच्या ताटात जात नाही हे मलाही कळतं, आणि सॉसेज स्वतः फारसं शोषत नाही, जास्त असतं ते खालच्या रश्श्यात आणि कांद्यात. पण मुलं नेमका तोच कांदा पावात भरभरून मागतात, गोड लागतो म्हणून! आपल्या राज्यात २१ वर्षांखालच्या मुलाला बिअर द्यायला कायद्याने बंदी आहे, मग पाच वर्षांच्या पोराला बिअरमधला कांदा द्यायचा की नाही हे त्याच्या आईबाबांना आधी विचारायला नको का.

पण मला खरी काळजी मुलांपेक्षा मोठ्यांची वाटते, आणि त्याचं कारण घरचंच आहे. शनिवारी आम्ही सगळे कर्जतला एक फार्महाऊस घेऊन जमलो होतो, भाच्याने तुमची रेसिपी मोबाईलवर फोटो काढून आणलेली आणि तो मोठ्या उत्साहाने शेगडीपाशी उभा होता. माझा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, त्याने दारू सोडलीय. सोडलीय म्हणजे सहज नाही, खूप काय काय भोगून सोडलीय, आणि डॉक्टरांनी त्याला डायसल्फिराम नावाची गोळी चालू ठेवलीय. ही गोळी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ती घेणाऱ्याच्या पोटात थोडंसं जरी अल्कोहोल गेलं तरी चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, डोकं ठणकतं, उलट्या होतात, कधी कधी प्रकरण हॉस्पिटलपर्यंत जातं. म्हणून अशा पेशंटना कफ सिरप आणि जेवणातले सॉससुद्धा बघून घ्या असं बजावलेलं असतं. तर दादाने ताट पुढे केलं आणि सवयीने विचारलं, “यात काय काय आहे रे?” भाचा म्हणाला, “मामा, बिअरमध्ये शिजवलंय, पण काळजी नको, दारू सगळी उडून जाते, पेपरात आलंय.” वहिनीने तिथल्या तिथे ताट काढून घेतलं. दादा हसला, म्हणाला ठीक आहे, आणि पाव-बटर घेऊन बाजूला जाऊन बसला. भाच्याचं तोंड एवढंसं झालं, पण त्याचा काय दोष, त्याने छापलेल्यावर विश्वास ठेवला. दादाने विचारलं म्हणून निभावलं. जो भिडेपोटी विचारत नाही त्याचं काय? आपल्याकडे “मी सोडलीय” हे चारचौघात बोलायला अजून लोकांना जड जातं, नवीन नवीन सोडलेल्या माणसाला तर फारच, मग तो गपचूप खाणार किंवा काहीतरी कारण काढून उठून जाणार. आणि गोळी चालू नसली तरी नुसत्या बिअरच्या वासाने आणि चवीनेही जुनी ओढ परत येऊ शकते, हे व्यसनमुक्तीचं काम करणारा कुणीही सांगेल. शिवाय धर्मामुळे न पिणारे शेजारी असतात, मुलांचे मित्र असतात, गरोदर सून असते, या सगळ्यांना खाण्याआधी कळायला हवं. सांगायला अर्धं मिनिट लागतं हो.

आता रेसिपीबद्दलही बोलते कारण ती नीट केली तर खरंच छान लागते, आणि तुमच्या रेसिपीत काही गोष्टी आपल्या मुंबईच्या हिशोबाने जुळत नाहीत. ही पद्धत मूळची अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची, तिथे जर्मनीहून जाऊन वसलेले लोक भरपूर, मिल्वॉकी शहर बिअरसाठी प्रसिद्ध आणि शेबॉयगन हे गाव ब्राटवुर्स्ट नावाच्या सॉसेजसाठी. हे ब्राटवुर्स्ट कच्चं असतं, जाडजूड, पोर्कचं. कच्चं जाड सॉसेज थेट निखाऱ्यावर ठेवलं तर बाहेरून काळं आणि आत गुलाबी राहतं, म्हणून बरेच जण ते आधी बिअर, कांदा आणि बटरमध्ये मंद शिजवून घेतात आणि मग फक्त रंग यायला जाळीवर टाकतात. काही जण उलटं करतात, आधी भाजतात आणि मग बिअर-कांद्याच्या गरम भांड्यात ठेवून देतात म्हणजे पाहुणे येईपर्यंत सुकत नाहीत, आणि कुठलं बरोबर यावर तिकडे लोक तावातावाने भांडतात. मला विचाराल तर आधी शिजवणं सोपं, कारण कोळशाचा अंदाज आपल्याला रोजचा नसतो.

पण आपण फ्रीजरमधून जे चिकन सॉसेजचं पाकीट उचलतो ते बहुतेक वेळा आधीच शिजवलेलं असतं, पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं. ते २० मिनिटं उकळलं की फुगतं, मग बाहेर काढल्यावर सुरकुततं, चव सगळी पाण्यात जाते आणि खाताना रबर चावल्यासारखं लागतं. शनिवारी नेमकं हेच झालं. त्याला पाच मिनिटं गरम कांद्यात लोळवलं तरी पुरे. पूर्ण कृती करायची असेल तर वांद्र्याच्या किंवा तुमच्या जवळच्या कोल्ड स्टोरेजमधून कच्ची पोर्क किंवा चिकन सॉसेज मागा, कच्चीच हवीत असं स्पष्ट सांगून. आणि गोव्याचे चोरीस (तिकडचे मसालेदार सॉसेज) किंवा आपल्या वसई-गोराईकडचे सॉसेज असतील तर प्लीज बिअर ओतू नका, त्यात मुळातच व्हिनेगर, मीठ, मिरची एवढं असतं की ते थोड्या पाण्यात कांदा-बटाटा घालून स्वतःच्याच चरबीत शिजतात आणि पावाबरोबर स्वर्ग लागतात, बिअरने चव फक्त बिघडते.

कच्च्या सॉसेजसाठी पसरट भांड्यात बटर, त्यात उभे चिरलेले तीन-चार कांदे, थोडी काळी मिरी, तमालपत्र. कांदा नरम झाला की बिअर भांड्याच्या कडेने हळूहळू सोडायची, एकदम ओतली तर फेस वर येऊन बर्नर विझतो. बिअर लाइट घ्या, स्ट्राँग किंवा जास्त कडवट नको, कारण आटल्यावर तो कडूपणा दाट होत जातो आणि मग साखर घालूनही जात नाही. सॉसेज घातल्यावर आच बारीक करा, कडेने छोटे बुडबुडे येत राहिले पाहिजेत, रटरट उकळायला नको. वर तेलाचे पिवळे गोल दिसायला लागले तर समजायचं आच जास्त झालीय, चरबी बाहेर येतेय, आता साल फुटणार. काट्याने टोचायचं तर अजिबात नाही, त्याच भोकातून सगळा रस जातो, चिमट्याने उलटा. दहा-पंधरा मिनिटांनी काढून पुसून कोरडी करा, कारण ओल्या सालीला रंग येत नाही, नुसती वाफ होते, मग मध्यम निखाऱ्यावर फिरवत राहायचं. पोर्क असेल तर आत ७१ डिग्री, चिकन असेल तर ७४ डिग्री तापमान यायला हवं, किचनचा थर्मामीटर मिळतो तो घ्या, नुसता रंग बघून कळत नाही. आणि निखाऱ्यावर बिअर शिंपडायची जी स्टाईल आहे ना ती बंद करा, राख उडून सॉसेजला चिकटते, दुसरं काही होत नाही.

मे महिन्यात अजून एक. बोरिवलीहून कर्जतला गाडीच्या डिकीत साध्या पिशवीतून कच्चं मांस नेऊ नका. ३२ डिग्रीच्या वर हवा असेल तर असं खाणं एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही असा नियम आहे, आणि डिकीत तर त्याहून कितीतरी जास्त गरम होतं. बर्फ घातलेला बॉक्स घ्या, बिअरसाठी तर सगळे आठवणीने घेतातच.

आणि न पिणाऱ्यांसाठी दुसरं भांडं, आम्ही आता हेच ठरवलंय. तसेच कांदे, तसंच बटर, बिअरच्या जागी पाणी, दोन चमचे व्हिनेगर, थोडी मोहरीची पूड आणि गुळाचा छोटा खडा. चिमटा वेगळा, जाळीचा कोपरा वेगळा. ० टक्केवाली बिअरही मिळते, मुलांना वगैरे चालेल असं कुणाला वाटत असेल तर तो त्यांचा प्रश्न, पण दारू सोडलेल्या माणसाला ती देऊ नका, चव तीच असते, आणि नॉन-अल्कोहोलिक म्हणून विकल्या जाणाऱ्या काहींमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं.

तर संपादक साहेब, विनंती दोनच आहेत. येत्या रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर, दिसेल अशा जागी त्या वाक्याची दुरुस्ती छापा, कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, कारण शाळांना सुट्टी लागलीय आणि लोक ती रेसिपी कापून ठेवून करणार आहेत, भाच्याच्या दोन मित्रांनी तर पुढच्या शनिवारचं सामानही आणलंय. आणि यापुढे बिअर, वाईन, रम घातलेली कुठलीही रेसिपी असेल, नाताळचा केक असला तरी, खाली एक ओळ टाका की यात अल्कोहोल राहतं, वाढण्याआधी सांगा.

आपली नियमित वाचक,
बोरिवली (पूर्व), मुंबई
(घरातली गोष्ट लिहिली आहे म्हणून कृपया नाव छापू नये.)