प्राथमिक शाळेतले क्रिकेट : दोन मुलांमागे एक चेंडू हवा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला क्रीडासाहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातून क्रिकेटचे साहित्य घ्यायचे ठरले, की बहुधा एक मोठी बॅट, सहा स्टंप आणि दोन-तीन चेंडू येतात. मग चाळीस मुलांच्या तासिकेत एक जण टाकतो, एक जण मारतो आणि बाकीची मुले उभी असतात. पस्तीस मिनिटांत कित्येकांच्या हाताला चेंडू लागतही नाही. तिसरी ते पाचवीसाठी ही खरेदीची यादी बदलावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

सुरुवात चेंडूपासून व्हावी. सीझन बॉल, म्हणजे सामन्यातला कडक चामडी चेंडू, १५६ ते १६३ ग्रॅमचा, टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅमचा. कडक चेंडू एकदा बोटांवर बसला की मूल पुढच्या झेलाला तोंड फिरवते आणि ओंजळ वेळेआधी मिटते. हे शिकवून सुटत नाही, कारण मुळाशी भीती असते. म्हणून आधी चिंध्या भरून शिवलेला मोज्याचा चेंडू, मग टेनिस बॉल. तोही कोरा करकरीत नको. कडक मुरुमावर तो लहान मुलाच्या खांद्यापर्यंत उसळतो आणि मूल आडवी बॅट फिरवायला शिकते. थोडा वापरलेला, दाबला जाणारा चेंडू बरा. झेल छातीच्या खाली असेल तर बोटे जमिनीकडे, वर असेल तर आकाशाकडे, आणि चेंडू हातात येताच हात अंगाकडे घ्यायचे. सुरुवातीला एवढे पुरे.

बॅटची पारख सोपी आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाने नुसत्या डाव्या हातात बॅट धरून खांद्याइतकी उचलावी. पाच आकड्यांच्या आत टोक खाली झुकले, तर ती बॅट त्याच्यासाठी जड आहे. जड बॅट पेलायला मुले दोन्ही हात लांब-लांब धरतात, खालचा हात सगळी ताकद लावतो आणि सरळ फटका आडवा होतो. प्लास्टिकची हलकी बॅट इथे कमीपणाची नाही, योग्य साधन आहे. पहिले फटके जमिनीवर ठेवलेल्या चेंडूवर, मग जोडीदाराने समोर सोडलेल्या चेंडूवर, मग पाच-सहा मीटरवरून खालच्या हाताने टाकलेल्यावर. सर्वांनी एकाच दिशेला मारायचे आणि शिट्टी झाल्याशिवाय चेंडू आणायला कोणी धावायचे नाही. बॅटच्या चारही बाजूंना तीन मीटर मोकळे हवेत. मागे उभ्या असलेल्या मुलाला बॅट लागणे हा या तासिकेतला सर्वांत गंभीर धोका आहे.

गोलंदाजीत सगळ्यात जास्त नुकसान अंतर करते. मोठ्यांची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. आठ वर्षांच्या मुलाचा चेंडू सरळ हाताने तिथवर पोहोचत नाही, म्हणून ते कोपर वाकवून फेकते. एकदा बसलेली ही सवय मोडायला फार कष्ट पडतात. ऑस्ट्रेलियात मुलांच्या सामन्यांच्या पहिल्या टप्प्यासाठी खेळपट्टी १६ मीटरची आणि संघ सात जणांचा असतो. आपल्या तासिकेत त्याहून कमी, १० ते १२ मीटर ठेवावे. धावत यायचे नाही. लक्ष्याकडे खांदा करून उभे राहून पुढचा हात वर करायचा, त्या हाताच्या बाजूने लक्ष्याकडे पाहायचे, दुसरा हात कानाजवळून सरळ फिरवायचा. फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, आखलेल्या चौकोनात टप्पा पडला की एक गुण. वेगाला गुण द्यायचेच नाहीत.

शेवटची दहा मिनिटे सामना, पण जोड्यांचा: प्रत्येक जोडीला दोन षटके, बाद झाल्यास पाच धावा वजा, खेळ चालूच. नेहमीच्या नियमाने कच्चे मूल पहिल्या चेंडूवर बाद होऊन बसते आणि ज्याला सरावाची गरज नाही, तोच खेळत राहतो. फलंदाजीचा क्रम हजेरीपटानुसार लावावा, म्हणजे मुलींच्या वाट्याला नुसते क्षेत्ररक्षण येणार नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती. तरीही बॅट आधी मुलग्यांकडे जाते, हे आम्ही रोज पाहतो.

तेव्हा विनंती अशी, की चाळीस मुलांच्या वर्गासाठी वीस टेनिस बॉल, सहा हलक्या बॅटा, बारा शंकू आणि फक्कीची एक गोणी अशी यादी शासनाने काढावी. स्टंपऐवजी भिंतीवर खडूच्या तीन रेघा चालतात. चेंडू हरवतात, फाटतात. त्यांचा हिशेब शिक्षकाच्या पगारातून मागितला जाईल या धास्तीने ते कपाटात पडून राहतात. म्हणून चेंडू वर्षभरात संपणारे साहित्य मानून जडवस्तू नोंदवहीतून, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीतून, वगळावेत, असेही त्याच परिपत्रकात लिहावे. नवे सत्र जूनमध्ये सुरू होते. परिपत्रक एप्रिलमध्ये निघाले, तर पहिल्याच आठवड्यात चेंडू मुलांच्या हातात असतील.

आपले,
प्राथमिक शाळांत खेळ शिकवणारे शिक्षक व प्रशिक्षक