अण्णा, तुमची डायरी माझ्याकडंच आहे

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

परवा तुमची कोर्टाच्या तारखांची डायरी परत द्यायला आले, तर तुम्ही "ठेव की तुझ्याकडंच" म्हणालात आणि पुकारा झाला म्हणून उठून गेलात. आभार मानायचे राहिले. तोंडावर मानले असते तर तुम्ही लगेच पावसापाण्याचं काढलं असतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

मी जिथं शिकायला गेले ते नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय कायदा अकादमीचे उन्हाळी वर्ग 1923 पासून भरतात. खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याचे तीन आठवडे जास्त करून ऑगस्टमध्ये येतात. नवरा एका देशात, बायको दुसऱ्या देशात, मूल तिसरीकडं, मग कोणतं कोर्ट आणि कोणता कायदा, असा हा विषय. आपल्या तालुक्यातली पोरं परदेशात जायला लागली तशी ही भांडणं आपल्या कोर्टापर्यंतही आली आहेत. शिष्यवृत्तीचं पत्र आलं त्या दिवशी मी आईला मिठी मारली, आणि रात्री माझी तारखांची डायरी उघडली तेव्हा पोटात गोळा आला. आपली सुट्टी मे महिन्यात. ऑगस्टमध्ये माझ्या रोज चार-पाच तारखा. शिष्यवृत्ती फी भरते, राहण्याची सोय करते, पण पुकारा झाल्यावर माझ्या जागी उभं कोण राहणार? मोठ्या फर्मच्या वकिलाला हा प्रश्न पडत नसेल. तालुक्याला एकटीनं वकिली करणाऱ्या बाईला सगळ्यात आधी हाच पडतो.

ज्यांच्या ऑफिसात मी चार वर्षं काम केलं, त्यांनी शिफारसपत्रासाठी सव्वा महिना हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी "बांधाच्या भांडणात हेग कुठं लागतं?" म्हणून वाटेला लावलं. ज्यांच्या तारखा मी त्यांच्या घरच्या लग्नांत आणि आजारपणात सांभाळल्या, ते "आम्ही आहोत की" म्हणाले आणि निघायच्या आठवड्यात फोन उचलेनात. नावं घेत नाही. ते वाचतील तेव्हा त्यांना कळेल. राग अजून गेलेला नाही, हे मात्र लपवत नाही.

तुम्हाला मी विचारलंच नव्हतं. कसं विचारणार? दोन दाव्यांत आपण समोरासमोर, त्यातल्या एकात तर उलटतपासात मी तुमच्या अशिलाला चांगलंच धरलेलं. विमानाच्या चार दिवस आधी तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, "यादी काढ तारखांची." बस्स. त्या दोन दाव्यांत तुम्ही तहकुबीला हरकत घेतली नाहीत आणि बाकीच्या प्रत्येक प्रकरणात पुकाऱ्याला उभे राहिलात. रोज संध्याकाळी डायरीच्या पानाचा फोटो यायचा. प्रकरण, काय झालं, पुढची तारीख, तुमच्या त्या बारीक तिरक्या अक्षरात.

पण हे पत्र त्या तारखांसाठी नाही. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारच्या एका फोनसाठी आहे.

मी गेलेय हे माझ्या अशील असलेल्या मावशींना नीट कळलंच नव्हतं. दोन एसट्या बदलून त्या कोर्टात आल्या आणि माझी खुर्ची रिकामी. मुलीचा नवरा जर्मनीला जाऊन बसलाय, त्याच्या नावाचं समन्स दोन वर्षं बजावलंच जात नाही, आणि आता वकीलबाईही परदेशात गेल्या, असं त्यांना कोणीतरी बार रूमच्या दारात सांगितलं. त्या पायरीवर बसून रडायला लागल्या. पुढचं मला नंतर टायपिस्टकडून कळलं. तुमचं मॅटर बोर्डावर वर आलेलं असताना तुम्ही त्यांना आत आणलंत, पंख्याखाली बसवलंत, चहा सांगितलात आणि मला फोन लावलात.

इकडं सव्वाअकरा, तिकडं पावणेआठ. मी ट्राम पकडायच्या घाईत होते. तुम्ही म्हणालात, "घे, बोल त्यांच्याशी." आणि मावशींना म्हणालात, "तुमच्या वकीलबाई कुठं गेल्या नाहीत. तुमच्याच कामाचं शिकायला गेल्यात. ऐका आवाज."

अण्णा, तुम्ही स्वतःच त्यांची समजूत घालू शकला असतात. पांढरे केस, चाळीस वर्षांची वकिली, तुमच्या शब्दावर त्या गप्प बसल्या असत्या. पण मावशी माझ्या अशील होत्या आणि तुम्ही त्या माझ्याच ठेवल्यात. पक्षकार पळवायच्या या दिवसांत तुम्ही माझी माणसं माझ्यासाठी धरून ठेवलीत. त्या दिवशी मी व्याख्यानाला उशिरा पोचले आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

दुपारी अकादमी जिथं भरते त्या पीस पॅलेसच्या ग्रंथालयात गेले आणि तुमचं वाक्य खरं करायला बसले. परदेशात समन्स बजावण्याबद्दलचा 1965 चा हेग करार आपल्याकडं 2007 पासून लागू आहे. जर्मनीनं टपालाच्या वाटेला हरकत नोंदवलेली आहे, तेव्हा नुसतं रजिस्टर पोस्ट करून भागत नाही. ठरलेल्या नमुन्यात, जर्मन भाषांतरासह, तिथल्या प्राधिकरणामार्फतच जावं लागतं. दोन वर्षं आपण पाकिटं पाठवत होतो! करारावरची हस्तपुस्तिका त्या टेबलावर पान पान वाचली. गेल्या महिन्यात आपल्या कोर्टातून तसे कागद रवाना झाले, ते तुम्ही पाहिलेतच.

त्याच पीस पॅलेसमध्ये, आंतरराष्ट्रीय न्यायालयात, 17 जुलै 2019 ला कुलभूषण जाधवांच्या खटल्याचा निकाल वाचला गेला. आपण तो बार रूममध्ये कोणाच्या तरी मोबाइलवर दाटीवाटीनं पाहिला होता. तुम्ही तेव्हा म्हणालात, "आपल्यातलं कोणीतरी तिथं जाऊन बसायला पाहिजे." मला वाटलं होतं सहज म्हणालात.

बाबासाहेबांना 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. 1920 मध्ये ते पुन्हा गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्रानं दिलेलं कर्ज यांच्या बळावर. कुठं ते आणि कुठं मी, तुलना नाहीच. पण बाबासाहेब जिथं बॅरिस्टर झाले त्या लंडनच्या ग्रेज इनचं नाव निघालं की मला आता भथेना आठवतात. मागं राहून दुसऱ्याला जाऊ देणाऱ्या माणसांची सनद कुठल्या भिंतीवर लागत नाही. माझं हेगचं प्रमाणपत्र मी फ्रेम करून लावलंय आणि तुमची डायरी त्याच्या खालच्या कप्प्यात ठेवलीय.

आता एक ऐका. मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही दोन वर्षं तारखांपायी पुढं ढकलताय, हे काकूंनी मला सांगितलं. डॉक्टरांची वेळ घ्या. मे कशाला, याच महिन्यात घ्या. सोमवारी कोर्ट सुटल्यावर मी तुमच्या टेबलापाशी येतेय. तारखांची यादी काढून ठेवा.

तुमची नम्र,
समोरच्या बाजूची वकील