पिंट्या इथंच राहील, रागावू नका

परभणी, १२ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

मलेरियानं तापलेल्या पिंट्याला घेऊन निघाले तेव्हा आई चुलीपुढून उठलीच नाही. काल रात्रभर तेच डोळ्यांपुढं होतं. पण दिवाळी होईस्तोवर मी त्याला पाठवणार नाही, आणि आला तरी तो शेतातल्या आखाड्यावर झोपणार नाही. राखणीला गडी ठरवलाय, उचलही दिली. बाबा, पैशावरून फोन करायचा नाही.

तुम्ही हयगय केली असं कुठं म्हणतेय मी? मच्छरदाणी एकच, ती छकुलीला बांधली. कुणीही तेच केलं असतं. पंधरा वर्षांचं पोर ना लहानांत, ना मोठ्यांत. अंगात कणकण असली तरी बोलत नाही, उघड्या अंगानं बाजेवर पडतं. त्यात आपली लाईट रात्रीची. मलेरियाचा डास दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत चावतो आणि तेवढाच वेळ हा विहिरीवर, पिकाच्या पाण्याची दारं धरायला. आई म्हणते, आपल्याकडं गटार कुठंय? अगं, हा डास गटारातला नाहीच. त्याला साचलेलं चांगलं पाणी लागतं. आपण जिवापाड साठवतो ना, हौदात, शेततळ्यात, तसलं.

बाबांना हे शहरातलं खूळ वाटेल. पण १८९७ साली रॉस नावाच्या डॉक्टरनं डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तो सिकंदराबादेत, आपल्या निजामाच्याच मुलखात!

दुसऱ्यांदा ताप आला तो बाहेरचं काही लागलं म्हणून नव्हे. उतारा टाकला तो टाकला, त्याचं काही नाही. व्हायवॅक्स जातीच्या मलेरियाचा जंतू काळजात, म्हणजे यकृतात, दडून बसतो आणि महिन्यांनीसुद्धा उठतो. त्याला मारायला प्रायमाक्विन १४ दिवस लागतं. ताप उतरला म्हणून आपण चौथ्या दिवशी गोळ्या थांबवल्या. आता डॉक्टरांनी रक्त तपासून पुन्हा सुरू केल्यात, मी समोर बसून देते. आधी जेवण, मग गोळी. तोंड वाकडं केलं की गुळाचा खडा, बाबा मला द्यायचे तसाच. मला आठवतं, खडा मोठा असायचा आणि आईला कळू द्यायचा नाही.

जेवतो चांगला. काल दोन भाकरी आणि पिठलं खाल्लं. पंख्याखाली, मच्छरदाणीत झोपतो. दादासारखं काही होऊ देणार नाही मी.

आता ऐका. हौद आठवड्यातून एकदा रिकामा करून घासायचा. पाणी टाकवत नसेल तर आशाताईकडून गप्पी मासे आणून सोडा. दोन मच्छरदाण्या पाठवतेय, त्या पेटीत ठेवायच्या नाहीत. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायला द्यायचं, दोघांनीही. आई, तू विशेषकरून.

पिंट्या शेजारीच बसलाय. म्हणतो, कंधारीच्या वासराला गूळ-पेंड चारा, ते माझ्याशिवाय खात नाही.

तुमची,
ताई